‘हरकत आहे’ हे इंग्रजीत कसं सांगाल?

गेल्या जूनमधली गोष्ट. चिरंजिवांच्या शाळेतून बोलावणं आलं म्हणून गेले. मुख्याध्यापिका बाई भराभर इंग्रजीतून बोलत होत्या. मुलगा वाचनात मागे आहे, त्याला ‘क’ तुकडीत घालायचं ठरलं आहे, हा फॉर्म, इथे सही करा. मला ते मुळीच पटलं नव्हतं. आदल्या वर्षी काविळीनं तो दीड महिना अंथरुणावर होता, वाचन राहिलं ते त्यामुळे, एवढंच सांगायचं होतं. बरं, मी काही अडाणी नाही. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेय, सकाळी तीन तास एका शाळेत शिकवायला जाते. पण तोंडातून निघालं काय, तर ‘यस मॅडम’! सही करून घरी आले, जेवणं उरकली आणि दुपारी फॉर्मची प्रत नीट वाचली. शेवटची ओळ होती, ‘वुई हॅव नो ऑब्जेक्शन’. मला हवा होता तो शब्द अगदी छापील माझ्यासमोर होता. त्यातला ‘नो’ तेवढा खोडायचा राहिला होता.

मैत्रिणींनो, तुमचंही असं होतं का हो? इंग्रजी येतं, पण ‘नाही’ म्हणायची वेळ आली की पळून जातं. मला वाटतं, याचं मूळ आपल्या शाळेतल्या इंग्रजीत आहे. आपण शिकलो काय? ‘मे आय कम इन’, ‘थँक यू’, ‘सॉरी’ आणि रजेचा अर्ज. त्या अर्जाखालीसुद्धा ‘युवर्स ओबीडियंटली’, म्हणजे आपली आज्ञाधारक! आज्ञा न पाळण्याचे शब्द आपल्याला कुणी दिलेच नाहीत.

मराठीत पाहा, आपल्याकडे काय काय आहे. घरात कुरबुर असते, जावाजावांत धुसफूस, भाजीवाल्याशी हुज्जत, नळावर भांडण, भावाभावांत भाऊबंदकी, बांधावरून तंटा. प्रत्येकाचं वजन वेगळं, आणि कुठे कोणता शब्द घालायचा हे आपल्याला मिठाच्या अंदाजासारखं कळतं. इंग्रजीत मात्र आपण सगळ्याला एकच शब्द लावून मोकळ्या होतो, ‘फाइट’. ‘माझी मुलगी मैत्रिणीशी फाइट करते’ असं तुम्ही बाईंना इंग्रजीतून सांगितलंत, तर त्या मारामारीच समजतील. शाब्दिक भांडणाला ‘क्वॉरल’ म्हणावं. ‘रो’ या शब्दाचं स्पेलिंग ओळीचंच, पण भांडणाच्या अर्थानं त्याचा उच्चार ‘राउ’ होतो. आणि आपला अबोला? ‘दे आर नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स’. तो भाव त्यात अगदी बरोबर उतरतो.

आता कामाचे शब्द घेऊ. सगळ्यात हलका ‘डिसअग्री’. माझं मत वेगळं आहे, एवढाच त्याचा अर्थ. माणसाशी असेल तर ‘डिसअग्री विथ’, गोष्टीबद्दल असेल तर ‘डिसअग्री अबाउट’. आपल्या बायकाच काय, कचेरीतले पुरुषही ‘आय ॲम नॉट अग्री’ म्हणताना मी ऐकलेत. ही चूक होते ती मराठीमुळे. ‘मी सहमत नाही’ यातलं ‘सहमत’ हे विशेषण आहे, म्हणून आपण इंग्रजीतही ‘ॲम’ घालतो. ‘अग्री’ हे क्रियापद आहे. ‘आय डोंट अग्री’ म्हणा, झालं.

त्याच्या वरची पायरी ‘ऑब्जेक्ट’, आणि माझं सगळं घोडं अडलं ते इथेच. ‘काही हरकत नाही’ हे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. पाहुण्यांच्या मुलानं कप फोडला तरी काही हरकत नाही! त्यामुळे ‘हरकत’ या शब्दाची धारच गेली आहे. पण सोसायटीचा, बँकेचा ‘ना हरकत दाखला’ आठवा. घर विकताना तो बहुधा मागतातच, आणि तो असल्याशिवाय कर्ज फिटल्यावर गाडी आपल्या नावे मोकळी होत नाही. कागदावरच्या ‘ऑब्जेक्शन’ला तेवढं वजन असतं. ‘आय ऑब्जेक्ट’ म्हटलं की समोरच्याला कारण विचारावं लागतं, आणि आपल्याला ते द्यावं लागतं. त्याच्यापुढे ‘टू’ येतो आणि त्यापुढे ‘आयएनजी’चं रूप. एकाच गोष्टीचे पैसे दुसऱ्यांदा मागितले, तर ‘आय ऑब्जेक्ट टू पेइंग ट्वाइस’. ‘टू पे’ नव्हे. आणखी एक गंमत. वस्तू या अर्थी हा शब्द नाम असतो, तेव्हा जोर पहिल्या अक्षरावर, ‘ऑब्जेक्ट’. हरकत घेतो म्हणताना जोर दुसऱ्यावर, जवळजवळ ‘अब्जेक्ट’. ‘प्रोटेस्ट’, ‘कॉन्टेस्ट’, ‘कॉन्फ्लिक्ट’ यांचंही तसंच. वर्गात मी मुलींना टेबलावर टिचकी मारून हे म्हणायला लावते.

‘अपोज’ म्हणजे उघड विरोधात उभं राहणं आणि ‘प्रोटेस्ट’ म्हणजे निषेध. हे मोर्चाचे, सभेचे शब्द. दूधवाल्यानं पाणी घातलं म्हणून ‘प्रोटेस्ट’ कशाला? सभेचाच आणखी एक चांगला शब्द म्हणजे ‘डिसेंट’. बहुमतानं ठरलं, पण माझं मत वेगळं होतं, त्याची नोंद करा, असा त्याचा भाव. १९७६ साली आणीबाणीतल्या स्थानबद्धांच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्नांनी सरकारच्या विरोधात निकाल लिहिला, तो ‘डिसेंट’. तुमच्या सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून ठराव झाला आणि तुम्हाला तो मान्य नसला, तर ‘प्लीज रेकॉर्ड माय डिसेंट’ म्हणायला काय हरकत आहे? (पाहा, पुन्हा हरकत आलीच!)

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ‘डिनाय’ आणि ‘रिफ्यूज’मध्ये. मराठीत दोन्हीला आपण ‘नाकारणे’ म्हणतो ना, म्हणून. आरोप नाकारला, तिथे ‘डिनाय’. मी पैसे घेतले नाहीत, असं सांगणं. काम करायला नाकारलं, तिथे ‘रिफ्यूज’. मी सही करणार नाही, असं सांगणं. ‘आय डिनाय टू साइन’ हे चूक, ‘आय रिफ्यूज टू साइन’ बरोबर. हक्काची वस्तू दिली नाही तर मात्र पुन्हा ‘डिनाय’. मुलाला प्रवेश नाकारला, ‘ही वॉज डिनाइड ॲडमिशन’. आणि लग्नाचं आमंत्रण आलं, जाणं जमत नाही, तिथे या दोन्हींपैकी काही नको. ‘डिक्लाइन’ म्हणजे मान खाली घालून, नमस्कार करून दिलेला नकार.

‘रिफ्यूज’ म्हटलं की मला हटकून रखमाबाई आठवतात. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजींशी लागलं. पण त्या आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच मुंबईत वाढल्या, शिकल्या. पुढे नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘ए हिंदू लेडी’ अशा सहीनं बालविवाहाविरुद्ध इंग्रजीतून पत्रं छापून आली, ती रखमाबाईंची. कल्पना करा, तेव्हा बाईनं मराठी वर्तमानपत्र वाचलं तरी नाकं मुरडत, आणि ही बाई इंग्रजीत साहेबाला समजेल असं आपलं म्हणणं मांडतेय! पहिला निकाल त्यांच्या बाजूनं लागला, अपिलात तो फिरला, आणि १८८७ साली हुकूम झाला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. आरोप झटकायचा प्रश्नच नव्हता. मी जाणार नाही, असं त्या सरळ म्हणत होत्या. १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागे या खटल्यानं उठलेलं वादळही होतं.

आता तुम्ही म्हणाल, अहो, आम्हाला कोर्टात जायचं नाही, डॉक्टरांपुढे आणि बँकेत बोलायचं आहे. खरं आहे. तिथे शब्द जरा तुपात घोळवून द्यावे लागतात. ‘यू आर राँग’ म्हटलंत की समोरचा चिडलाच. ‘देअर सीम्स टू बी अ मिस्टेक’ म्हणा. चूक झाली आहे, कुणी केली ते आपण बोललोच नाही! तसंच ‘आय ॲम अफ्रेड’. यात भीतीबिती काही नसते. ‘आय ॲम अफ्रेड आय कान्ट अग्री’ म्हणजे ‘माफ करा, पण मला पटत नाही’. ‘तुमचं बरोबर आहे हो, पण…’ हे आपलं नेहमीचं वाक्य इंग्रजीत ‘यू हॅव अ पॉइंट, बट’ असं होतं. मात्र ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ जपून वापरा. पुष्कळदा त्यापुढे आदर सोडून बाकी सगळं येतं, हे आता ऐकणाऱ्यालाही ठाऊक झालंय. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि मन घेत नसलं, तर मतभेदाचा शब्दच काढू नका. ‘आय वुड लाइक अ सेकंड ओपिनियन’ एवढं म्हणा. चांगले डॉक्टर रागावत नाहीत. बँकेच्या खात्यातून तुम्ही न केलेला खर्च गेला असला, तर शब्द आहे ‘डिस्प्यूट’. ‘आय वॉन्ट टू डिस्प्यूट धिस एन्ट्री’ म्हटलं की त्याचा फॉर्म निघतो. हे त्याच दिवशी करावं, उद्यावर टाकू नये.

आणि ‘डाउट’बद्दल एक. वर्गात ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे आपल्याकडे ‘शंका आहे’. मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल तर त्यांच्या शेजारणीशी बोलताना सांभाळा. तिकडे ‘डाउट’ म्हटलं की ती समजेल, हिचा माझ्यावर विश्वास नाही. तिथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’ बरं.

घरातही आपण इंग्रजीनं एक नुकसान केलंय असं मला वाटतं. मुलांना आपण उठसूट ‘डोंट आर्ग्यू’ म्हणतो. त्यामुळे ‘आर्ग्युमेंट’ म्हणजे उलट बोलणं, असं त्यांच्या डोक्यात बसतं. त्या शब्दाचा दुसरा अर्थ युक्तिवाद. कारणं देऊन आपलं म्हणणं मांडणं. माझ्या वर्गात परवा वादविवादासाठी मुली निवडायच्या होत्या, तर चांगल्या हुशार मुली म्हणाल्या, ‘बाई, आम्हाला आर्ग्यू करायला आवडत नाही’. मी काय बोलणार? मीसुद्धा महिन्यापूर्वी ‘यस मॅडम’ म्हणून आले होते.

तर त्या फॉर्मचं पुढे काय झालं ते सांगते. दोन दिवस घोकून मी अर्ज लिहिला. ‘आय ऑब्जेक्ट टू माय सन बीइंग मूव्हड टू डिव्हिजन सी’, खाली आजारपणाचं कारण आणि डॉक्टरांचा दाखला. ‘हे’ म्हणाले, आता कशाला, सही तर दिलीस. त्यांना मी मराठीतच उत्तर दिलं. मुख्याध्यापिका बाईंनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘हे त्या दिवशीच सांगायचं होतंत’. चिरंजीव सहामाहीपर्यंत ‘क’ तुकडीतच राहिले. दिवाळीनंतर वाचनाची पुन्हा परीक्षा घेऊन ठरवू, असं त्यांनी अर्जावरच लिहून दिलं, तारीख घालून. त्याची पोच, शाळेच्या शिक्क्यासकट, मी कपाटात रेशनकार्डाच्या फाइलला लावून ठेवलीय.