शिल्लक किती, आणि त्यातील आपली किती?

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कार्यान्वित झाल्या आणि ग्रामविकासाच्या खर्चाचे निर्णय गावाच्या जवळ आले. जळगाव जिल्ह्यातील पाचोरा तालुक्यात, राज्यातील इतर तालुक्यांप्रमाणेच, ग्रामपंचायतींची अंदाजपत्रके दरवर्षी पंचायत समितीकडे मंजुरीसाठी येतात. अंदाजपत्रक मंजूर झाले व वर्षअखेर शिल्लकही राहिली, म्हणजे ग्रामपंचायतीची आर्थिक स्थिती उत्तम, असा समज सर्वत्र आढळतो. तो नेहमीच खरा ठरतो असे नाही.

चार नमुने

महाराष्ट्र ग्रामपंचायत (अंदाजपत्रक व लेखा) नियम, २०११ अन्वये हिशेबाचे ३३ नमुने विहित आहेत. त्यांपैकी चार नमुने एकत्र वाचल्यास संस्थेची प्रकृती ध्यानात येते. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, येत्या वर्षाचा संकल्प. नमुना ३ हे जमाखर्चाचे विवरण. प्रत्यक्ष काय घडले ते त्यातून समजते. नमुना ४ मध्ये मत्ता व दायित्वे, म्हणजे संस्थेजवळ काय आहे आणि तिला कोणाचे देणे आहे, याची नोंद असते. नमुना ९ ही करमागणीची नोंदवही असून थकबाकीचे चित्र तीत दिसते.

एक उदाहरण

समजा, तालुक्यातील एका ग्रामपंचायतीची वर्षअखेरची शिल्लक ९ लाख रुपये आहे. त्यांतील साडेसात लाख रुपये वित्त आयोगाच्या बंधित अनुदानाचे आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ पासूनच्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणीपुरवठा व स्वच्छता यांसाठी बंधित ठेवण्यात आली होती. अशी रक्कम अन्य कामांकडे वळविता येत नाही. उरलेले दीड लाख रुपये तेवढे स्वनिधीचे. नमुना ४ पाहिला असता पथदिव्यांच्या वीजदेयकापोटी २ लाख २० हजार रुपये देणे असल्याचे दिसते. याचा अर्थ, ९ लाख शिल्लक दाखविणारी ही ग्रामपंचायत स्वतःच्या बळावर पाहता ७० हजारांनी तुटीत आहे.

आता नमुना ९ उघडावा. थकबाकीसह एकूण मागणी ७ लाख, वसुली २ लाख ८० हजार, म्हणजे ४० टक्के. हीच वसुली ७० टक्क्यांवर गेली असती, तर २ लाख १० हजार रुपये अधिक जमा होऊन तूट भरून निघाली असती आणि वर १ लाख ४० हजार रुपये उरले असते. दुखणे कोठे आहे व त्यावर उपाय कोणता, हे या साध्या आकडेमोडीतून स्पष्ट होते.

संकल्प आणि प्रत्यक्ष

अंदाजपत्रकातील जमा मागील तीन वर्षांच्या प्रत्यक्ष जमेशी ताडून पाहावी. वसुली पावणेतीन लाखांच्या आसपास असताना अंदाज सहा लाखांचा धरला, तर त्या भरवशावर योजलेली कामे कागदावरच राहतात. खानदेशातील कोरडवाहू गावांत कापसाच्या पिकावर घरोघरची देणी अवलंबून असतात. पाऊस हुकला की करवसुलीही घटते, याचे भान अंदाज बांधताना ठेवलेले बरे. अंदाज फुगविल्याने गावाचे उत्पन्न वाढत नाही.

ग्रामसभेचा अधिकार

आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत होणाऱ्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचे हिशेब, तसेच लेखापरीक्षणाची टिपणी व तिला दिलेली उत्तरे ठेवण्याची तरतूद महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ मध्ये आहे. त्या सभेत सदस्यांनी, शिक्षकांनी व ग्रामस्थांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत. शिलकेपैकी बंधित रक्कम किती? देणी किती? मागणीच्या किती टक्के वसुली झाली? लेखापरीक्षणातील कोणते आक्षेप अद्याप शिल्लक आहेत? यांची उत्तरे देण्यास सरपंच व सचिव यांना फार वेळ लागू नये, कारण ती सर्व दप्तरात असतात. दप्तर उघडून पाहण्याची सवय गावाला लागली, तर तुटीची चाहूल पंप बंद पडण्यापूर्वीच लागेल.