माकुलाचं काळं, मोराचं निळं

माकूल साफ करताना शाईची पिशवी फुटली की हात काळेकुट्ट होतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. ते काळं म्हणजे मेलानिन. आपल्या केसांत तेच, कातडीत तेच. मोराच्या पिसातही तेच म्हटल्यावर आमच्या गटातल्या बायका हसल्याच. मोर तर निळा!

सगळी करामत आकाराची आणि मांडणीची. माकुलाच्या शाईत मेलानिनचे गोल कण असतात, पाण्यात विखुरलेले, म्हणून नुसतं काळं. मोराच्या पिसात त्याच्या बारीक कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात. त्यांच्यावरून उजेड परततो तेव्हा कांड्यांमधल्या अंतराप्रमाणे एखादाच रंग उठून दिसतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, पण फुग्यात रंग कुणी घातलेला असतो का? तसंच हे. शिवाय काळं बाकीचा उजेड पिऊन टाकतं, म्हणून निळं गडद दिसतं.

असे कण आता प्रयोगशाळेत बनवतात. डोपामिन नावाचं रसायन पाणी, अल्कोहोल आणि थोड्या अमोनियात ढवळत ठेवतात. हवा लागून ते आधी तपकिरी, मग काळं होतं. चिरलेलं वांगं काळं पडतं ना, त्याच जातीची क्रिया. त्यातून गोल कण तयार होतात, इतके बारीक की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. अमोनिया वाढवला की कण लहान होतात. दुसऱ्या पदार्थाच्या कांडीवर लेप चढवून आतली कांडी विरघळवली की पोकळ नळी, तेलाच्या थेंबांभोवती वाढवले तर वाटी. घरी मात्र करून बघू नका, अमोनिया डोळ्यांना वाईट.

2015 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी या गोल कणांचे पातळ थर देऊन, फक्त थराची जाडी बदलून, वेगवेगळे रंग दाखवले. त्यांत मुंबईच्या आयआयटीत शिकलेले अली धिनोजवालाही होते.

आम्हाला हे सांगावंसं वाटलं, कारण हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत आपल्या कितीतरी जणी रंगकाम करतात. गेल्या हंगामात आमच्यातल्या एकीला स्प्रेच्या कामानं इतका खोकला लागला की दोन आठवड्यांची मजुरी बुडाली. डब्यावर काय लिहिलंय ते कुणीच वाचलं नव्हतं, आम्हीही नाही. मेलानिनचा झळाळता रंग अजून आपल्या बाजारात डब्यानं मिळत नाही. कुणी तशी पावडर विकायला आलं, तर गटाचे पैसे घालू नका. तोवर तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपण वापरतो त्या डब्याच्या लेबलाचा फोटो आणायचा.