शतावरी

(शतमुळी, हिं. सतावर, सं. शतमूली, अभीरु, लॅ. ॲस्परॅगस, कुल—ॲस्परॅगेसी). फुलझाडांपैकी एकदलिकित वर्गातील, मृदुफळे धारण करणाऱ्या वनस्पतींची एक प्रजाती. लिनीअस यांनी १७५३ मध्ये ही प्रजाती स्थापन केली. तीत दोनशेहून अधिक जाती असून त्यांचा प्रसार आशिया, आफ्रिका व यूरोप या खंडांत आहे. जुन्या वर्गीकरणात तिचा समावेश पलांडु कुलात (लिलिएसी) करीत. परंतु जनुकीय पुराव्यांवर आधारलेल्या २००९ च्या वर्गीकरणात तिला ॲस्परॅगेसी या विस्तारित कुलात स्थान दिले आहे. सफेद मुसळीही आता याच कुलात मोडते. मात्र तिचे फळ शुष्क बोंड असते, मृदुफळ नव्हे. लिलिएसी कुलात राहिलेल्या, हिमालयातील अरण्यांत आढळणाऱ्या क्लिंटोनिया प्रजातीची फळे मात्र मृदुफळेच आहेत. यावरून फळाचा हा प्रकार एकाच वंशापुरता मर्यादित नाही, हे दिसते.

महाराष्ट्रात सर्वांत परिचित असलेली जाती म्हणजे औषधी शतावरी (ॲस्परॅगस रॅसिमोसस). तिचे वर्णन विल्डेनो यांनी १७९९ मध्ये केले. ॲ. जॅकमोंटाय ही दख्खनमधील जाती १८३२ मध्ये मुंबईत निधन पावलेले फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ व्हीक्तॉर झाकमाँ यांच्या नावाने ओळखली जाते. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीचे दाट अरण्य, तर पूर्वेस माण, आटपाडी व जत या अवर्षणप्रवण तालुक्यांतील विरळ काटेरी झुडपे आहेत. महाबळेश्वरात वर्षाला सरासरी ६०० सेंमी.च्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेकडे तो सुमारे ५० सेंमी. असतो. औषधी शतावरीच्या मांसल मुळ्यांत पाणी व अन्न साठत असल्याने कोरड्या ऋतूतही ती तग धरू शकते.

ही काटेरी, बहुवर्षायू वेल आधारासाठी झुडपांवर चढते. तिची खरी पाने अत्यंत ऱ्हास पावलेली असून ती खवल्यांच्या वा वाकड्या काट्यांच्या रूपात असतात. पानांसारखे दिसणारे बारीक, सुईसारखे, हिरवे अवयव म्हणजे वस्तुतः रूपांतरित शाखा (पर्णकांडे) होत. त्या झुबक्यांनी येतात व प्रकाशसंश्लेषणाचे कार्य करतात. यामुळे बाष्पोच्छ्वासासाठी उघडा राहणारा पृष्ठभाग कमी होतो. फुले लहान, पांढरी, सुवासिक व द्विलिंगी असून मंजरीत येतात. परिदले व केसरदले प्रत्येकी सहा आणि किंजपुट ऊर्ध्वस्थ व तीन कप्प्यांचा असतो. मृदुफळे वाटाण्याएवढी वा त्याहून लहान, गोलसर असून पिकल्यावर लाल होतात. बिया काळ्या व कठीण असतात. फळे पक्षी खातात व बियांचा प्रसार करतात. मूळ रंगसूत्रसंख्या १० आहे.

जमिनीत एकाच बुडख्यापासून मांसल, लांबट मुळ्यांचा झुबका वाढतो. ‘शतमूली’ हे नाव त्यावरूनच पडले. आयुर्वेदात त्या शीतल, बल्य व स्तन्यवर्धक मानल्या आहेत. शतावरी कल्प, शतावरी घृत व नारायण तेल यांत त्यांचा उपयोग करतात. मुळ्यांत शतावरिन गटातील स्टेरॉइडी सॅपोनिने असतात. मात्र स्तन्यवर्धनाविषयीचे वैद्यकीय पुरावे मर्यादित आहेत. पावसाळ्याच्या आरंभी फुटणारे कोवळे कोंब रानभाजी म्हणून खातात. यूरोपीय शतावरीचे (ॲ. ऑफिसिनॅलिस) कोंबही भाजीसाठी पिकवितात, तिची नर व मादी झाडे भिन्न असतात. दक्षिण आफ्रिकेतील ॲ. सेटेशियस ही जाती पुष्पगुच्छांतील हिरवळीसाठी लावतात.

औषधाचा भाग मुळीच असल्याने काढणी करताना संपूर्ण वेल उपटली जाण्याचा धोका असतो. फळे पिकण्यापूर्वी खणल्यास त्या वर्षीचे बीही नष्ट होते. पाने वा फळे गोळा केल्याने झाड टिकते, मुळी खणल्याने ते टिकेलच असे नाही. बुडखा व काही मुळ्या जमिनीत राखल्यास वेल पुन्हा फुटू शकते; म्हणून फळे पक्व होऊन बी सांडल्यावर काढणी करणे आणि प्रत्येक ठिकाणी काही वेली अस्पर्श ठेवणे आवश्यक ठरते. कोयना अभयारण्य (१९८५) व चांदोली राष्ट्रीय उद्यान (२००४) यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. ही दोन्ही क्षेत्रे २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग असून २०१२ पासून पश्चिम घाट जागतिक वारसास्थळातही समाविष्ट आहेत. संरक्षित क्षेत्राबाहेरील डोंगरउतारांवर मात्र वेलीचे भवितव्य काढणीच्या पद्धतीवरच अवलंबून राहते.

लागवड हा याला पर्याय आहे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ (२०००) अशा पिकांना प्रोत्साहन देते. पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत बियांपासून तयार केलेली रोपे पावसाळ्यात लावतात व वेलींना आधार देतात. कठीण बीजावरणामुळे बिया उगवण्यास वेळ लागतो. मुळ्या साधारणपणे दीड ते तीन वर्षांनी काढतात. त्या उकळून, साल काढून वाळवितात. ओल्या मुळीचे बहुतांश वजन पाण्याचे असल्याने वाळलेला माल बराच कमी भरतो. त्यामुळे रानातील वेल फुकट मिळते असे वाटत असले, तरी एक पोते वाळलेल्या मालासाठी अनेक वेली खणाव्या लागतात.