वस्तू घरात, माणूस दारात

मागे चार महिने लेकीकडे अमेरिकेला राहून आले. तिचं घर ओहायो राज्यात, कोलंबस शहराजवळ. जाताना माझ्या डोक्यात अमेरिका म्हणजे बर्गर, पिझ्झा आणि उंचच उंच इमारती. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या गोऱ्या बाईंनी चहाला बोलावलं आणि माझ्या डोक्यातली अमेरिका पार बदलून गेली.

बाई साठी उलटलेल्या, हौशी. मोठ्या कौतुकानं घर दाखवत होत्या. ओट्यावर जपानी राइस कुकर. फ्रिज कोरियन कंपनीचा आणि आत किमचीची बरणी. किमची म्हणजे कोबीचं मुरवलेलं, तिखट-आंबूस कोरियन लोणचं. शेजारी सोया सॉसची बाटली. ‘किक्कोमन’ या जपानी कंपनीनं १९७३ सालीच विस्कॉन्सिन राज्यात सोया सॉसचा कारखाना काढला, तेव्हा हा सॉस तिथं आपल्या चिंचेच्या कोळासारखा घरचाच झालेला. नातवाच्या खोलीत पोकेमॉनची चित्रं, नातीच्या खोलीत कोरियन गाणाऱ्या पोरांचे पोस्टर. कपाट उघडलं तर कपडे आडवे नाहीत, पुस्तकांसारखे उभे लावलेले! ही जपानच्या मारी कोन्डोची पद्धत. वस्तू हातात घ्यायची, मनाला आनंद होतो का बघायचं, नसेल होत तर तिला निरोप द्यायचा. तिच्या पुस्तकावर आणि २०१९ च्या टीव्ही मालिकेवर अमेरिकन बायका फिदा. मला आपली दिवाळीची साफसफाई आठवली. फक्त आपण निरोप न देता सगळं पुन्हा माळ्यावर टाकतो, एवढाच फरक!

निघताना दारात होंडाची गाडी दिसली. मी सहज म्हटलं, ‘‘ही पण जपानीच की!’’ बाई जरा दुखावल्याच. ‘‘छे छे, ही आमच्या ओहायोची आहे. माझ्या नवऱ्यानं नोकरी तिथंच केली.’’

खरंच होतं त्यांचं. जवळच्या मेरिसव्हिल गावात होंडानं १९७९ साली मोटारसायकलींचा कारखाना सुरू केला आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये तिथून ‘अकॉर्ड’ गाडी बाहेर पडली. जपानी कंपनीनं अमेरिकेत बनवलेली ती पहिली मोटार. त्या कारखान्यावर किती घरांच्या चुली पेटल्या, मुलं शिकली. गाडी ‘आमची’ झाली ती अशी.

मी घरी येऊन लेकीला म्हटलं, ‘‘काय गं, किती मोकळ्या मनाची माणसं ही!’’ ती नुसतीच हसली.

पुढं एका ब्लाउजचं निमित्त झालं. उसवायचा होता. लेक मला कपडे धुण्याच्या दुकानात घेऊन गेली. तिथं शिवण उसवून, बसवूनही देतात. दुकान चालवणारी बाई मूळची कोरियाची, तीस वर्षांपासून तिथं. माझा ब्लाउज उलटापालटा करून तिनं आतली माया बघितली आणि खुशीत मान हलवली. शिवणकाम जाणणाऱ्या दोन बायकांना भाषा लागते कुठं? बोलता बोलता तिनं २०२० सालची गोष्ट सांगितली. करोनाचे दिवस. एक माणूस दारातूनच ओरडला, तुमचा रोग घेऊन तुमच्या देशात चालते व्हा! ‘‘मी चीनची नाही,’’ ती म्हणाली, ‘‘पण त्याला काय फरक पडणार? आणि बाहेर उभी असलेली त्याची गाडी कोरियन कंपनीची होती.’’ हे सांगताना तिचे हात काही थांबले नव्हते.

त्या रात्री लेकीनं मला व्हिन्सेंट चिनबद्दल सांगितलं. ओहायोला लागूनच मिशिगन राज्य. तिथलं डेट्रॉइट म्हणजे अमेरिकन मोटारींचं माहेरघर. १९७९ नंतर पेट्रोल भडकलं, लोक कमी पेट्रोल खाणाऱ्या जपानी गाड्या घेऊ लागले, डेट्रॉइटमध्ये हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. राग इतका, की भर चौकात जपानी गाड्या हातोड्यानं फोडत. जून १९८२ मध्ये सत्तावीस वर्षांचा व्हिन्सेंट मित्रांबरोबर बाहेर गेला होता. लग्न काही दिवसांवर आलेलं. तिथं मोटारधंद्यातल्या दोन गोऱ्या माणसांशी, एका बापाशी आणि त्याच्या सावत्र मुलाशी, बाचाबाची झाली. तुमच्यामुळे आमची कामं गेली, अशा अर्थाचे शब्द साक्षीदार बाईनं ऐकले. मग त्यांनी त्याला गाठून बेसबॉलच्या बॅटनं मारलं. चार दिवसांनी तो गेला. तो जपानी नव्हताच, चिनी वंशाचा होता आणि अमेरिकेतच वाढलेला.

त्याची आई लिली चिन. मूल दत्तक घेऊन वाढवलेलं, नवरा आदल्याच वर्षी गेलेला. १९८३ साली निकाल लागला. मारणाऱ्यांना तीन वर्षं चांगल्या वर्तणुकीची अट आणि तीन हजार डॉलर दंड. तुरुंग नाही! इंग्रजी धड न येणारी ही बाई मग गावोगावच्या सभांमध्ये उभी राहिली. तिच्या मागं चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो अशी सगळी माणसं पहिल्यांदाच इतक्या मोठ्या संख्येनं एकत्र आली. पुन्हा खटला झाला, १९८४ मध्ये एकाला पंचवीस वर्षांची शिक्षाही झाली. पण अपिलात ती टिकली नाही आणि १९८७ मध्ये तो सुटला. त्याच वर्षी लिलीबाई चीनला परत गेल्या. २००२ साली त्या वारल्या.

मला रात्रभर झोप नाही. ज्या वर्षी त्या आईचा मुलगा गेला, त्याच वर्षी शेजारच्या राज्यात ती पहिली अकॉर्ड बाहेर पडली. गाडीला घरचं व्हायला फार वर्षं लागली नाहीत. माणसं मात्र अजून दारातच. मार्च २०२१ मध्ये अटलांटा परिसरातल्या मसाज पार्लरांमध्ये एका तरुणानं गोळ्या घालून आठ जणांना मारलं. त्यांतल्या सहा जणी आशियाई वंशाच्या बायका होत्या.

मैत्रिणींनो, हे लिहून अमेरिकेला नावं ठेवायची आणि मोकळं व्हायचं, असं मनात होतं. पण हात थांबला. आपल्या गावात संध्याकाळी चायनीजच्या गाडीवर गर्दी असते. पोरी कोरियन मालिका बघून रडतात. आणि आमच्या पार्लरमध्ये मणिपूरची एक मुलगी काम करते, तिला सगळ्या ‘ती चिनी’ म्हणतात. आपल्याच देशाची मुलगी! करोनात अशा मुलींना आपल्याकडच्या शहरांमध्येही लोकांनी रस्त्यात ‘करोना, करोना’ म्हणून हिणवलं होतं.

दोन वर्षं मी तिच्याकडून आयब्रोज करून घेत होते. नाव कधी विचारलं नव्हतं.

परत आल्यावर गेले. खुर्चीत बसायच्या आधी विचारलं. तिनं सांगितलं. मी दोनदा चुकीचं म्हटलं, ती हसली. तिसऱ्यांदा जमलं.