खिळा नको, नाणं हवं!

इंग्लंडमध्ये अनेकजण छंद म्हणून धातुशोधक यंत्र घेऊन शेतं धुंडाळतात. यंत्राची तबकडी जमिनीत चुंबकीय लहरी सोडते. खाली धातू असला, की उलट संकेत येतो आणि यंत्र 'टूंऽऽ' करतं. पण दरवेळी गंजका खिळाच निघाला तर? म्हणून यंत्रात नको ते धातू वगळायची सोय असते. लोखंडाचा संकेत वेगळा, चांदीचा वेगळा. वगळलेल्या धातूवर यंत्र गप्प बसतं.

खरी गंमत पुढेच आहे! चॉकलेटचा चकचकीत कागद आणि सोन्याची बारीक अंगठी यांचे संकेत जवळजवळ सारखेच. कागद वगळलात, की अंगठीही हुकली! म्हणून नवशिक्यांनी फक्त लोखंड वगळावं, बाकी सारं ऐकावं.

आणि लोखंडच हवं असेल तर? १९९२ साली हॉक्सन गावी एरिक लॉज मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. तेव्हा त्यांना रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी सापडली, सुमारे १५ हजार! सगळं स्वतः न उकरता त्यांनी लगेच कळवलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांना तो ठेवा जागच्या जागी अभ्यासता आला. पुढे हातोडाही सापडला. नाण्यांबरोबर तोही ब्रिटिश म्युझियमनं जपून ठेवला, बरं का!