थोरांचीं नांवें आणि घरचीं मुलें

मूल बारा दिवसांचें झालें कीं आत्यानें त्याच्या कानांत 'कुर्रर्र' करून नांव सांगावें, ही आपल्या घरोघरची रीत. तें नांव कोठून आणावें, याचे मार्ग मात्र काळाप्रमाणें पालटत आले आहेत. कोणी कुलदैवताचें नांव ठेवी, कोणी आजोबांचें, तर कोणी पत्रिकेंतील अक्षर धरून चाले. कर्जत-खालापूरच्या डोंगरकपारींतील वाड्यांत सोमवारीं जन्मला तो सोम्या व बुधवारीं जन्मला तो बुध्या, असा सरळ हिशेब असे. ज्या घरीं मुलें जगत नसत, तेथें दृष्ट लागूं नये म्हणून धोंडू, दगडू, भिकू अशीं नांवें ठेवीत. अलीकडे यांत आणखी एका मार्गाची भर पडली आहे. ज्यांना पदकें व पारितोषिकें मिळालीं, अशा कर्तबगार माणसांचीं नांवें आईबाप हौसेनें घरीं आणतात. या हौसेंत शहाणपण किती व धोका किती, याचा थोडा विचार आज आपण करूं.

ही हौस अगदींच नवी नाहीं. मालोजीराजे भोसले यांनीं अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, शाहशरीफ पिराला नवस केला व पुढें झालेल्या मुलांचीं नांवें शहाजी आणि शरीफजी ठेविलीं, ही परंपरागत कथा सर्वश्रुत आहे. तेथें कृतज्ञता हा हेतु होता. आज बहुधा अपेक्षा हा हेतु असतो. आणि अडचण उत्पन्न होते ती तेथेंच.

मराठी घरांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घेऊं. कवि व प्राध्यापक रमेश तेंडुलकर हे संगीतकार सचिन देव बर्मन यांचे चाहते होते. बर्मन यांना १९६९ सालीं पद्मश्री मिळाली. १९७३ सालीं तेंडुलकरांना मुलगा झाला, त्याचें नांव त्यांनीं सचिन ठेविलें. या मुलानें पेटी धरली नाहीं, बॅट धरली. आणि २०१४ सालीं त्याला भारतरत्न हा किताब मिळाला. नांव संगीताच्या दरबारांतून आलें, कीर्ति मैदानावर लाभली. वडिलांनीं मुलाला आपली आवड नांवांतून दिली, पण तीच त्याची आवड व्हावी असा हट्ट धरला नाहीं.

सुनील गावसकर यांनीं १९७६ सालीं जन्मलेल्या आपल्या मुलाचें नांव रोहन जयविश्व ठेविलें. रोहन हें नांव वेस्ट इंडीजचे भारतीय वंशाचे फलंदाज रोहन कन्हाय यांचें. 'जयविश्व' या शब्दांत जयसिंहा व विश्वनाथ हे दोघे एकत्र आले. तिघां थोर फलंदाजांचीं नांवें व चौथ्याचें आडनांव घेऊन हा मुलगा खेळावयास उतरला. त्यानें बंगालच्या संघाचें नेतृत्व केलें व भारतातर्फे ११ एकदिवसीय सामने खेळले. कोणाही खेळाडूस अभिमान वाटावा अशी ही कामगिरी. तरी लोक तिची तुलना वडिलांच्या कामगिरीशीं करीतच राहिले. उसन्या नांवाबरोबर उसनें मापही येतें, तें असें.

आतां बंगालकडे पाहूं. १९३३ सालीं शांतिनिकेतनांत जन्मलेल्या एका मुलाचें नांव रवींद्रनाथ ठाकुरांनीं अमर्त्य ठेविलें. ठाकुरांना १९१३ सालीं साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें होतें. अमर्त्य सेन यांना १९९८ सालीं अर्थशास्त्राचें मिळालें. हा नांवाचा चमत्कार म्हणावा, तर रवींद्रनाथांनीं मुलाला आपलें नांव दिलेंच नव्हतें. दिला तो एक स्वतंत्र शब्द. नांवाहून मोठें असें जें त्या मुलाला मिळालें, तें शांतिनिकेतनची शाळा आणि आजोबा क्षितिमोहन सेन या विद्वानाचा सहवास.

हें ध्यानांत घेऊन पुन्हां आपल्या दोन तालुक्यांकडे वळूं. १ डिसेंबर १९१२ रोजीं माथेरानला एका नाभिक कुटुंबांत मुलगा जन्मला. त्याचें नांव विठ्ठल. पंढरीच्या देवाचें, गांवोगांवीं आढळणारें. हे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल पुढें वकील झाले. लोक त्यांना भाई म्हणत. १९४२ च्या लढ्यांत त्यांनीं आझाद दस्ता उभा केला. मुंबईचे कारखाने बंद पडावे म्हणून त्यांना वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे या दस्त्यानें पाडले. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांना भाई कोतवाल व हिराजी पाटील बळी पडले. भाईंचें वय अवघें तीस वर्षांचें. त्यांच्या छातीवर कोणतें पदक नव्हतें. कर्जतच्या घरानें थोराचें नांव हवें म्हणून जगभरच्या सन्मानितांच्या याद्या चाळाव्या आणि उशाशीं असलेलें हें नांव विसरावें, हें बरें नव्हे.

मग थोरांचें नांव ठेवूं नये काय? अवश्य ठेवावें, मात्र ज्याची कथा आपणांस सांगतां येईल, त्याचेंच ठेवावें. त्यासाठीं घाई करण्याचेंही कारण नाहीं. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते. पण नांव त्या नोंदींत एका वर्षाच्या आंत शुल्कावांचून घालतां येतें. शिवाय १ मे २०२४ रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नांवापुढें आईचें नांव लिहिणें महाराष्ट्रांतील सरकारी कागदपत्रांत आवश्यक झालें आहे. म्हणजे थोराच्या नांवाला लागूनच, जिनें तें मूल वाढविलें तिचेंही नांव येतें, हें उचितच होय.

बारशाच्या दिवशीं आत्या जें सांगते तें मुलाला कळत नाहीं. म्हणून मूल सात-आठ वर्षांचें झालें कीं तें पुन्हां सांगावें. घरांतल्या सचिनला बर्मन यांचें एखादें गाणें ऐकवावें. विठ्ठल असेल तर त्याला एकदां सिद्धगडाला न्यावें. त्यांतून त्यानें काय घ्यावें, हें मात्र त्याचें त्याला ठरवूं द्यावें.