०.५ मोठा की ०.१२५?

नांदेडच्या बाजारात पाव किलो शेंगदाणे घेतले, की डिजिटल काट्यावर ०.२५० उमटतं, अर्धा किलो घेतले, की ०.५००. शेवटची शून्यं काढली तरी वजन तेवढंच. मग ती दाखवायची कशाला?

कारण त्यांच्यामुळे तुलना सोपी होते. ०.५ आणि ०.१२५ शेजारी दिसले, की अनेक मुलं १२५ मोठे म्हणून मोकळी होतात. पण दशांशचिन्हानंतरचं पहिलं घर दशांशाचं, दुसरं शतांशाचं, तिसरं सहस्रांशाचं. घरं सारखी केली, की ०.५०० समोर ०.१२५ येतात: ५०० ग्रॅमसमोर १२५ ग्रॅम.

अपूर्णांकांत हेच काम छेद सारखा करून होतं. उदाहरण इथल्याच जुन्या चलनाचं: १९४८पर्यंत नांदेडसह मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि इथे हाली सिक्का चाले. सात हाली रुपयांना ब्रिटिश भारताचे साधारण सहा रुपये मिळत, म्हणजे एका हाली रुपयाला ६/७ रुपया. याच्यापेक्षा चौदा आणे, म्हणजे ७/८ रुपया, जास्त की कमी? दोघांचा छेद ५६ करावा. ४८ विरुद्ध ४९! चौदा आणे किंचित जास्त.

दशांशात मांडल्यावर आणखी एक फरक दिसतो. ७/८ म्हणजे ०.८७५, भागाकार तिथेच संपतो. ६/७ मात्र ०.८५७१४२८५७१४२… असा चालतच राहतो. दहाचे मूळ अवयव २ आणि ५. अतिसंक्षिप्त अपूर्णांकाच्या छेदात एवढेच अवयव असतील, तर दशांश खंडित. तिसरा कोणताही आला, की आवर्ती. सातने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या शक्य असतात. त्या संपल्या, की जुनी बाकी पुन्हा येते आणि तेच सहा अंक नव्याने सुरू होतात.